इल्या अर्काद्येविचचे एक्केचाळीस सेकंद

इल्या पियानोसमोर बसला की पहिल्यांदा काहीच करायचा नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाठ ताठ, नजर समोरच्या काळ्या लाकडावर, आणि तो वाट बघत बसायचा. कशाची, तर शांततेची. शेवटची खुर्ची सरकून होईपर्यंत, शेवटचा खोकला खोकून होईपर्यंत तो पट्टीला बोट लावत नसे. जगात इतरत्र ही सवय चालून जात असेल. पण त्याची-माझी पहिली भेट आमच्या मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात झाली, आणि तिथे शांततेची वाट बघणं म्हणजे मिनेसोटात जानेवारी महिन्यात आंब्याला मोहोर कधी येतो ते बघत बसणं.

त्या वर्षी मी मंडळाचा सेक्रेटरी होतो. निवडून वगैरे आलो नव्हतो. ज्या मीटिंगला मी गैरहजर राहिलो तिच्यात माझं नाव एकमताने मंजूर झालं. ईडन प्रेरीतल्या एका शाळेचं सभागृह आम्ही घेतलं होतं आणि कीबोर्ड वाजवणारा आयत्या वेळी तापाने आडवा झाला. तेव्हा प्रशांत बोंद्रेने हा रशियन शोधून आणला. बोंद्रे मूळचा नागपूरचा, कामाने डेटाबेसवाला आणि स्वभावाने सगळ्यांचा मामा. त्याची मुलगी जिथे कराटे शिकते त्याच्या शेजारी बॅलेचा क्लास आहे आणि तिथे हा पियानोवर साथ करतो, एवढ्या माहितीवर त्याने आमंत्रण देऊन टाकलं. सत्तावीस वर्षांचा हा माणूस ॲन आर्बरच्या विद्यापीठातून पियानोची मास्टर्स करून आलाय, स्वतः रचना करतो, सहा वर्षांचा असल्यापासून रोज तासन् तास वाजवतो, हे आम्हा कोणाला ठाऊक नव्हतं. आम्ही त्याला मुलांची वेशभूषा स्पर्धा आणि जेवण यांच्या मधली नऊ मिनिटं दिली होती.

तो बसला. हात गुडघ्यांवर. लॉबीत बटाटेवड्यांच्या ट्रेवरची फॉइल निघाली होती आणि तो वास सभागृहात येऊन आपलं काम करत होता. स्टेजसमोर एक झाशीची राणी दोन टोमॅटोंचा पाठलाग करत होती. पाच मिनिटं गेली. मागून कोणीतरी माईक चालू नाही असं सांगितलं. दुसऱ्याने सांगितलं की त्यांच्यात आधी मनातल्या मनात प्रार्थना असते. अकरा मिनिटांनंतर इल्याने खांदे उडवले, आणि हार मानलेल्या माणसाने करावी तशी सुरुवात केली.

चार मिनिटांनी पहिला भाग संपला. दुसरा सुरू करण्याआधी त्याने हात उचलून पुन्हा गुडघ्यांवर ठेवले. आमचे अध्यक्ष धारप याच क्षणाची वाट बघत विंगेत उभे होते. ते शाल आणि श्रीफळ घेऊन तीरासारखे स्टेजवर आले. इल्या दचकला, पण उठून उभा राहिला. शाल पांघरून घेतली, नारळ सगळीकडून निरखला, पियानोवर ठेवला, खाली बसला आणि शालीसकट दुसरा भाग सुरू केला. आता धारपांची पंचाईत झाली. उतरावं तर अपमान, थांबावं तर काय म्हणून थांबावं. ते हात जोडून तसेच उभे राहिले, पुरती सहा मिनिटं. मंडळाच्या व्हिडिओत ते पियानोला नमस्कार करताना दिसतात.

कार्यक्रम संपल्यावर त्याला घरी सोडायला मी निघालो. नारळ मांडीवर घेऊन तो माझ्या शेजारी बसला होता. याचं काय करायचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, फोडायचा. त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने स्वरलिपीचे कागद काढले, शेवटच्या पानाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने गावाचं नाव लिहिलं आणि पुढे शून्य काढलं. मी चौकशी केली. तेव्हा तो जे म्हणाला ते पुढे मी त्याच्या तोंडून पन्नास वेळा तरी ऐकलं. तो बोलायचा इंग्रजीत, मी मराठीत सांगतोय.

"टाळ्या हा शिष्टाचार आहे. विमान उतरलं तरी लोक टाळ्या वाजवतात. शेवटच्या सुरानंतर किती सेकंद कोणी हललं नाही, एवढंच माझं. ते खोटं देता येत नाही."

मी विचारलं, आणि आमचं शून्य? तो म्हणाला, तुमचं खरं तर शून्याच्याही खाली होतं. मी अजून वाजवत होतो तेव्हा जेवणाची रांग लागली होती.

एवढं होऊनही धारपांनी त्याला मंडळाचा मानद सभासद करून घेतला, कारण सत्कार मध्येच केल्याची खंत त्यांना झोपू देत नव्हती. सभासदत्वाचा फॉर्म भरताना इल्याला आमची एक गोष्ट फार आवडली. स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. त्यांच्यातही असंच असतं म्हणे. त्याने लिहिलं, इल्या अर्काद्येविच, आणि आडनावाला जागा उरली नाही. धारप म्हणाले, राहू दे, वडिलांचं नाव लागलं म्हणजे आपलाच झाला. त्या दिवसापासून इल्याने आम्हालाही वडिलांची नावं जोडायला सुरुवात केली. मी श्रीकांत दत्तात्रेयेविच झालो. माझी बायको मेधा वसंतोव्हना झाली आणि तिला ते मंगळसूत्राइतकं शोभून दिसायला लागलं. माझ्या वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांचं नाव रोज कोणीतरी मोठ्याने घेतंय, हे मला इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

आता आमच्या पियानोंबद्दल सांगायला हवं. आमच्या मंडळात जवळजवळ प्रत्येक घरात पियानो आहे आणि वाजवणारं माणूस एकाही घरात नाही. मूल पाच वर्षांचं झालं की पियानो येतो. कॉलेजचे अर्ज भरून झाले की त्याचं झाकण बंद होतं. मग त्यावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर गणपती, गणपतीशेजारी मुलाचा ग्रॅज्युएशनचा फोटो. पाहुणे आले की आम्ही त्याच्याकडे बोट दाखवून सांगतो की आमच्याकडे संगीताचं वातावरण आहे. इल्याकडे मात्र पियानो नव्हता. तिघांत घेतलेल्या अपार्टमेंटमध्ये तो हेडफोन लावून कीबोर्डवर सराव करायचा. एकदा तो म्हणाला की हे फोटोतलं जेवण जेवण्यासारखं आहे. मेधाने हे ऐकलं आणि आमच्या बेसमेंटच्या दाराचा कोड त्याला सांगून टाकला. जेवणाचा विषय निघाला की मेधाला मागचंपुढचं दिसत नाही.

आमचा पियानो माझ्या मुलीचा, ईशाचा. ती त्याच ऑगस्टमध्ये कॉलेजला ॲन आर्बरला गेली होती, पण पियानो त्याच्या चार वर्षं आधीच मुका झाला होता. इल्याने पियानोच्या बाकाचं झाकण उघडलं तेव्हा आत तिची सरावाची वही निघाली. मी त्याला गंमत म्हणून सांगितलं की यातल्या एका धड्यात चौथ्या ओळीला ही पोरगी नेमकी एकाच सुराला अडखळायची आणि थांबायची. मी वर लॅपटॉपवर काम करत असायचो. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण थांबलं एवढं कळायचं. मी वरूनच ओरडायचो, पुन्हा. ती पहिल्यापासून सुरू करायची. तिथेच थांबायची. मी म्हणायचो, पुन्हा. असं दोन वर्षं चाललं. मग चौदाव्या वर्षी एका रविवारी ती थांबली, मी पुन्हा म्हटलं, आणि खालून झाकण बंद झाल्याचा आवाज आला. वर येऊन ती म्हणाली, "आय ॲम डन, बाबा." त्यानंतर तिने त्याला हात लावला नाही.

ही गोष्ट मी पार्ट्यांमध्ये सांगतो आणि लोक हसतात. इल्या हसला नाही. त्याने विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? मी म्हटलं, काय म्हणणार, सवयीने पुन्हा म्हणालो. त्याने वही उचलून माझ्यासमोर धरली. मग त्याने नेमकं कुठे थांबायची ते दाखवायला सांगितलं. मी बोट ठेवलं.

त्या हिवाळ्यात तो दुपारी यायचा आणि आमच्या घराखाली वाजवत बसायचा. मेधा वर कुकर लावायची. शिट्टी झाली की खालचं वादन थांबायचं आणि पियानोवर तोच सूर दोनतीनदा वाजायचा, जणू तो शिट्टीला हुंकार देतोय. एकदा त्याने येऊन मेधाला गंभीरपणे विचारलं की मंगळवारी शिट्टी थोडी खाली का होती. मेधाने सांगितलं की मंगळवारी राजमा होता. त्याने तेही टिपून घेतलं.

फेब्रुवारीत एक दिवस तो सरावाला आला आणि वाजवलंच नाही. शिक्षणानंतर मिळालेली कामाची वर्षभराची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. पुढे राहायचं तर कलावंतांचा व्हिसा हवा, आणि तो असामान्य क्षमता सिद्ध केली तरच मिळतो. नाही मिळाला तर परत जायचं. हे सगळं त्याने कोरड्या आवाजात सांगितलं. "माझ्या वर्गातले तिघे आता गणवेशात आहेत," तो म्हणाला. "एकाचा उजवा हात गेला. तो माझ्यापेक्षा चांगला वाजवायचा." मेधाने त्याच्यासमोर ताट ठेवलं आणि तो जेवला नाही, असं आमच्या घरात पहिल्यांदा घडलं.

मी बोंद्रेला फोन केला. वाचकहो, मराठी माणूस अमेरिकेत येऊन काय शिकला असं कोणी विचारलं तर मी सांगेन, तो व्हिसाची फाईल करायला शिकला. आमच्यात असे लोक आहेत की ज्यांना स्वतःच्या लग्नाची तारीख आठवत नाही, पण कोणता फॉर्म कधी भरला हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. बोंद्रे त्यांचा शिरोमणी. स्वतः सतरा वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत उभा आहे, आणि रांगेत उभ्या उभ्या त्याने निम्म्या मंडळाचे कागद मार्गी लावलेत. तो त्याच संध्याकाळी आला, इल्याची फाईल चाळली आणि तिला तळहातावर तोलून बघितलं.

"श्रीकांत, हे फाईल लैच पतली आहे यार," तो म्हणाला. "एव्हिडन्स पाहिजे. काही टेन्शन नको घेऊ, जाड करून टाकू."

आणि अशा रीतीने एका रशियन पियानोवादकाच्या मैफिलींची खरी सुरुवात झाली. मार्च आणि एप्रिल महिन्यांत इल्या अर्काद्येविचने मिनियापोलिसच्या पश्चिम उपनगरांत एकूण चौदा कार्यक्रम केले. दोन वास्तुशांती, तीन डोहाळजेवणं, एक साठीशांत, एक मुंज आणि बाकीचे वाढदिवसांचे. घराघरांतल्या पियानोंवरचे गणपती उचलून खिडकीत ठेवले गेले, झाकणं उघडली, आणि आत कुठे क्रेयॉन निघाले, कुठे हरवलेला रिमोट. प्रत्येक ठिकाणी सत्कार व्हायचा, कारण सत्काराचा फोटो म्हणजे एव्हिडन्स. दिवाळीची धरून इल्याकडे पंधरा शाली झाल्या. नारळ ठेवायला जागा उरली नाही, म्हणून त्याच्या दोन्ही रूममेट्सना मेधाने नारळीभात शिकवला.

मग प्रमाणपत्रं आली. आमच्या मंडळातून फुटून निघालेलं दुसरं मंडळ आहे, त्यांनाही खबर लागली. त्यांनी आमच्याहून मोठं, चांदीच्या वर्खाचं मानपत्र दिलं. तेव्हा धारपांनी आमचं मानपत्र परत मागवलं आणि त्याच्याहून चार इंच मोठं करून पाठवलं. मंडळाच्या अंकात इल्यावर लेख आला, आणि तो अंक धारप आणि मी सोडून कोणी वाचत नाही हे माहीत असूनही बोंद्रेने त्यापुढे ‘प्रसारमाध्यमांतील दखल’ असं लिहिलं. एका डोहाळजेवणाचं वर्णन त्याने ‘मातृत्वविषयक निमंत्रितांची मैफल’ असं केलं. मी त्याला म्हटलं, अरे, हे जरा जास्त होतंय. तो म्हणाला की माझ्या स्वतःच्या फाईलीत मला काय काय म्हटलंय ते तू वाचलं नाहीस.

अडचण एकच होती, ती म्हणजे खुद्द इल्या. प्रत्येक पत्र तो वाचायचा आणि पेन्सिलीने काट मारायचा. मी लिहिलं होतं, ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीचे वादक’. त्याने ‘कीर्तीचे’ खोडलं. म्हणाला, आंतरराष्ट्रीय मी आहे, कीर्ती कुठे आहे? ‘श्रोते मंत्रमुग्ध झाले’ यावर तर त्याने दोन काटा मारल्या. त्या वेळी श्रोते कुठे होते, असं त्याने विचारलं, आणि मला कबूल करावं लागलं की पुरणपोळीच्या टेबलाशी होते. बोंद्रे डोक्याला हात लावून बसला. इल्याचं म्हणणं एवढंच होतं की त्याला इथे राहायचंय, पण ज्या माणसाने हे कार्यक्रम गाजवलेत त्याच्या नावावर नाही. तो माणूस आपल्या ओळखीचा नाही, असं तो म्हणायचा. त्याच्या कागदांच्या मागे पेन्सिलीतली यादी वाढत होती. वास्तुशांती, शून्य. साठीशांत, दोन सेकंद. मुंज, शून्य, आणि कंसात लिहिलेलं, बटू रडला.

एप्रिलच्या मध्यावर व्हिसाच्या वकीलबाईंनी फाईल पाहिली. वजन चांगलं आहे म्हणाल्या, पण सगळी पत्रं एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. (ती एकाच माणसाने, म्हणजे मी लिहिली होती.) हा वाजवतो तेव्हा नेमकं काय होतं हे कोणीच सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. एखादा खरा कार्यक्रम करा, त्याच्या स्वतःच्या रचनेचा, आणि जे घडलं ते एका साक्षीदाराने साध्या शब्दांत लिहून द्या. नाहीतर हे मला तरी अवघड दिसतंय, असं त्या म्हणाल्या.

आमचा गुढीपाडवा त्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या रविवारी होता. म्हणजे तिथीने तो कधीच होऊन गेला होता, पण हॉल तेव्हा मिळाला. धारपांनी दिवाळीचं पाप धुऊन काढायचं ठरवलं. सगळ्या सभासदांना त्यांनी ईमेल पाठवलं आणि त्यात सात नियम लिहिले. मुलांना जिममध्ये सिनेमा लावून द्यायचा. स्वयंपाकघराला कुलूप, आणि किल्ली मेधाच्या पर्समध्ये. सातवा नियम ठळक अक्षरांत होता. वादन कुठे संपतं हे आपल्याला कळत नाही हे सिद्ध झालेलं असल्यामुळे सेक्रेटरींनी तालीम ऐकून ठेवली आहे. वादन संपताच सेक्रेटरी उभे राहतील. ते उभे राहीपर्यंत कोणीही टाळ्या वाजवू नयेत, सत्कारासाठी उठू नये, जेवणाची चौकशी करू नये.

मी तालीम ऐकली नव्हती. इल्याने ऐकवायला नकार दिला होता. संपलं की मी हात गुडघ्यांवर ठेवीन, तुम्हाला कळेल, एवढंच त्याने सांगितलं.

दुपारी तीनला तो बसला. हात गुडघ्यांवर. दोनशे माणसं अशी गप्प बसली की छतातल्या ब्लोअरचा आवाज आम्हाला पहिल्यांदा ऐकू आला. एका मिनिटात त्याने सुरुवात केली. रचनेचं नाव ‘बेसमेंट’. आधी खाली एक घरघर होती, ती घर गरम करणारी भट्टी सुरू झाल्याची, हे बर्फात राहणाऱ्या सगळ्यांनी ओळखलं. मग वर पावलं वाजली. मग एकदम उंच तीन सूर आले आणि मेधाने मला कोपर मारलं. "आपला कुकर," ती कुजबुजली. लोकांच्या चेहऱ्यांवर हसू पसरलं, कारण तो कुकर प्रत्येकाचाच होता. मीही हसत होतो. मग सगळं हळूहळू निवळलं, आणि एका हाताने, अगदी शाळकरी चालीने, एक धडा सुरू झाला.

मी तो लगेच ओळखला. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. चौथ्या ओळीत तो त्या सुरापाशी आला, अडखळला आणि थांबला. हात गुडघ्यांवर.

संपलं होतं. मला ते ठाऊक होतं, सभागृहात फक्त मलाच ठाऊक होतं, आणि मी उभं राहायचं होतं. पण मी उठलो नाही. दोनशे माणसं सातवा नियम पाळत माझ्याकडे बघत होती. धारप शाल घेऊन विंगेत ताटकळले होते. बोंद्रे मान उंच करून डोळ्यांनी मला ऊठ म्हणत होता. कोणी हललं नाही. मग मेधाने माझ्या हातावर हात ठेवला, आणि मी उभा राहिलो. टाळ्यांनी हॉल दणाणला, धारप या वेळी बरोबर वेळेवर पोचले, आणि किल्ली पर्समधून निघाली.

त्या संध्याकाळी इल्याने कागद उलटा करून लिहिलं, ईडन प्रेरी, ४१. ईमेलचं मी पोटातच ठेवलं. त्याला सात नियमांची गोष्ट सांगणं म्हणजे त्याच्या आयुष्यातली पहिली खरी शांतता खोटी पाडणं. मी घरी जाऊन पत्र लिहिलं. त्यात विशेषण नव्हतं. कार्यक्रम कुठे झाला, त्याने काय वाजवलं, आणि शेवटचं वाक्य, ‘वादन संपल्यावर एक्केचाळीस सेकंद कोणीही हललं नाही.’ इल्याने ते दोनदा वाचलं. पेन्सिल कानावरच राहिली.

जुलैत मंजुरी आली. बोंद्रेने पेढे वाटले. सगळ्यांना पेढे देऊन झाल्यावर तो आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "याचं तीन महिन्यांत झालं बघ. आपली क्षमता सामान्य ना, म्हणून आपल्याला सतरा वर्षं." तो हसला, पण पेढा त्याने बराच वेळ हातातच ठेवला होता. सप्टेंबरमध्ये इल्या ईडन प्रेरी सोडून गेला. जाताना सोळा शाली घेऊन गेला.

त्यानंतर तो लहान गावांत वाजवायला लागला, मग मोठ्या. दोन वर्षांनी त्याचा कार्यक्रम ॲन आर्बरला होता. ईशाला भेटायचं निमित्त काढून मी गेलो आणि तिलाही ओढून नेलं. छापील पुस्तिकेत त्याचा परिचय होता, आणि त्यात लिहिलं होतं की वादकाच्या सुरुवातीच्या मैफिली मिनेसोटातल्या खासगी निवासस्थानांमध्ये झाल्या. दोन भागांच्या मध्ये त्याने खुर्चीवर ठेवलेली शाल उचलून खांद्यावर घेतली आणि पुढे वाजवलं. आजूबाजूच्या लोकांना ती त्याची लकब वाटली असणार. मी मात्र ओशाळलो.

शेवटी ‘बेसमेंट’ झालं. धडा सुरू झाला तसा ईशाने माझा दंड पकडला. चौथ्या ओळीपाशी तो थांबला. "दॅट्स माय मिस्टेक," ती म्हणाली, अगदी हळू. मग टाळ्या झाल्या.

आम्ही आत जाऊन त्याला भेटलो. श्रीकांत दत्तात्रेयेविच म्हणून त्याने मिठी मारली आणि ईशाला, तू ईशा श्रीकांतोव्हना, असं म्हणून तिच्याकडे निरखून बघितलं. मला राहवलं नाही. दोन वर्षं पोटात असलेलं मी सांगून टाकलं. म्हटलं, इल्या, ती शांतता खरी नव्हती. धारपांनी ईमेल पाठवलं होतं, मी उभा राहीपर्यंत कोणी हलू नये म्हणून.

"मला माहीत आहे," तो म्हणाला. "मी मंडळाचा मानद सभासद आहे. तुमची सगळी ईमेल्स मला येतात. फोनवर भाषांतर करून वाचतो. सातवा नियम."

मग तू ते वाक्य खोडलं का नाहीस, असं मी विचारलं.

"एकशे नव्व्याण्णव माणसं नियम पाळत होती. पण तुम्ही एक्केचाळीस सेकंद उभं राहायचं नाही, असं कोणत्या नियमात लिहिलं होतं?" त्याने शाल घडी केली. "एक माणूस पुरतो, श्रीकांत दत्तात्रेयेविच. बाकीच्यांना नंतर जेवायचं असतं."

बाहेर थंडी होती. ईशा आणि मी बसस्टॉपवर उभे होतो. तिने विचारलं, "बट व्हाय डिडन्ट यू स्टँड अप, बाबा?"

मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, तो तुझ्या सुरावर थांबला तेव्हा पुन्हा हा शब्द माझ्या अगदी ओठांवर आला होता. तू चौदा वर्षांची होतीस तेव्हा मी तो गिळायला हवा होता. त्या दिवशी गिळायला मला तेवढा वेळ लागला.

बस आली, दार उघडलं, माणसं चढली, आणि दार बंद होऊन बस निघून गेली. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. किती सेकंद, ते मी मोजले नाहीत.